हैबतीची भलरी

विहिरींवर मोटा चालायच्या आणि बैलाच्या जिवावर घर उभं असायचं, त्या काळची ही गोष्ट. कुसळगव्हाण नावाच्या गावात हैबती नावाचा माणूस राहत होता. जमीन बेताची, दावणीला एकच बैल, पण गळा असा की तसा पुन्हा त्या मुलखात झाला नाही.

ज्वारीची सोंगणी लागली की एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ‘भलं रं भलं’ म्हणून साथ देतात आणि त्या ठेक्यावर विळे चालतात. ह्या गाण्याला भलरी म्हणतात. हैबतीनं भलरी उचलली की हातात विळा आहे हेच माणूस विसरायचा, असं म्हणतात. म्हातारे आपल्या वाट्याची पात तरण्यांच्या आधी कापून काढायचे. एक लेकुरवाळी पोराला पाजायचं विसरली होती, असंही म्हणतात. एका सालात तर पाटलांचं ओढ्याकाठचं अख्खं वावर दिवस कलायच्या आत आडवं झालं, आणि मागं वळून बघणाऱ्या सोंगणाऱ्यांनाच ते खरं वाटेना.

“हात तुमचे, पण चालवतो मी,” हैबती हसत म्हणायचा. लोकही हसायचे.

दर माघात गावात खेमा घिसाडी यायचा. बैलगाडी, भाता, ऐरण, बायको जमना आणि काखेतलं पोर, एवढा त्याचा संसार. जनावरांच्या पाण्याच्या हाळाशेजारी एक कडुनिंब होता, त्याखाली तो पाल ठोकायचा. गावातला एकूण एक विळा त्याच्या हातचा. संध्याकाळी हैबती त्याच्याकडं जायचा आणि दोघं एकाच चिलमीवर गप्पा मारायचे. “तुझ्या भलरीनं माझे विळे लवकर झिजतात,” खेमा म्हणायचा, “म्हणून तर माझं पोट चालतं.”

ज्या साली ओढ्याकाठचं वावर सर्वांत आधी निघालं, त्याच साली गावातले बैल मरायला लागले. सकाळी चरायला सोडलेलं जनावर दुपारी तोंडाला फेस येऊन पडायचं. पाटलांची खिल्लारी जोडी गेली. मग हैबतीचा हरण्या गेला. हरण्याचं डोकं मांडीवर घेऊन हैबती दिवसभर बसला होता. त्याला उठवायला चार माणसं लागली.

कुणीतरी म्हणालं, घिसाडी हाळात काहीतरी ओतत होता. कोण म्हणालं, ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. पण दिवस मावळेपर्यंत ते घराघरांत पोचलं होतं. त्या संध्याकाळी हैबती चिलीम ओढायला निंबाखाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या वावरात सोंगणी होती. हैबतीचे डोळे सुजलेले. त्यानं भलरी उचलली, आणि त्याच्या तोंडून नेहमीची ओळ न येता नवीच आली.

*हाळावरती आला पाहुणा, पाण्यावर रं नजर त्याची,*
*घाव घालतो लोखंडावर, मान मोजतो बैलाची.*

“भलं रं भलं,” रानभर साथ आली. विळे जोरात चालू लागले. हैबतीला वाटलं, छातीवरचा धोंडा जरा हलला. त्याला पुढची ओळ सुचली.

*पीक कापलं गड्यांनो, आता तण कुणी कापायचं?*

ओळ म्हणून झाली आणि त्याची त्यालाच ती आवडली. म्हणून त्यानं ती पुन्हा म्हटली. मग आणखी एकदा.

तेव्हा विळे थांबले. गडी उभे राहिले, आणि एकामागून एक बांध ओलांडून गावाच्या वाटेला लागले.

“अरे, पात अर्धी राहिली!” हैबती ओरडला. कुणी वळून पाहिलं नाही.

हैबतीला वाटलं, जातील, दमदाटी करतील, घिसाडी गाडी जुंपून निघून जाईल. जाऊ दे गेला तर. तो बांधावर बसला. थोड्या वेळानं निंबाच्या बाजूनं आवाज आला. ‘भलं रं भलं. भलं रं भलं.’ सोंगणीचाच ठेका होता तो. पण तिकडं ज्वारी नव्हती.

हैबती धावला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात. तरी तो उशिराच पोचला. खेमा ऐरणीशेजारी पडला होता. सभोवती उभ्या असलेल्यांच्या हातांत त्यानंच घडवलेले विळे होते. जमना पोराला पोटाशी घेऊन गाडीखाली होती. तिला कुणी हात लावला नव्हता. एवढंच काय ते उरलं होतं.

पाटील आले. म्हणाले, “हे कुणी केलं?”

सगळ्यांनी हैबतीकडं पाहिलं. “ह्यानं म्हटलं,” एक जण बोलला.

“मी कुठं मारा म्हणालो?” हैबती म्हणाला. “मी तर तणाचं म्हणालो होतो.”

गाडीखालून जमना बोलली. “तू तण म्हणालास. ह्यांना बरोबर कळलं.”

मग ती उठली. नवऱ्याला तिनं एकटीनं गाडीत घातलं, बैल जुंपले आणि ती गेली. जाताना भाता आणि ऐरण निंबाखालीच राहिली.

पुढं आठवड्याच्या आत बैल मरायचं कारण कळलं. ओढ्याकाठच्या वावरात ओल होती. कापलेल्या ज्वारीच्या खुंटांना कोवळे कोंब फुटले होते, आणि ते कोंब जनावराला विष असतात. जे बैल त्या वावरात शिरले, तेवढेच मेले होते. गावातल्या म्हाताऱ्यांना कोंबांचं ठाऊक होतं. पण त्या दिवसांत म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

त्या सालापासून कुसळगव्हाणच्या विळ्यांना धार राहिना. कितीही पाजवा, ज्वारीच्या ताटाला लावला की विळा बोथट. शेवटी लोक ज्वारी हातानं उपटायला लागले.

हैबतीनं नवी भलरी बांधली. खेमाचा दोष नव्हता, त्याचा हात सोन्याचा होता, आपण आपला माणूस मारला, असं त्यात होतं. जाणकार सांगतात की त्यानं बांधलेलं सर्वांत सुंदर गाणं तेच. लोकांनी ते ऐकलं. बायकांनी डोळे पुसले. गडी म्हणाले, “भलं रं भलं,” आणि तंबाखू मळायला बसले. एका ओळीनं सगळं रान उठलं होतं, आणि आता एवढ्या ओळींनी एक माणूससुद्धा जागचा हलला नाही. एकानंही जाऊन जमनाला ‘चुकलं’ म्हटलं नाही. हैबतीच्या गळ्यात काटा रुतल्यासारखं झालं आणि त्या दिवसापासून त्याची भलरी बंद पडली.

मग तो जमनाला शोधत फिरला. दर हिवाळ्यात आठवडी बाजार, जत्रा पालथ्या घालायचा. केस पांढरे झाले तेव्हा कुठं एका जत्रेत ती भेटली. जमना भाता ओढत होती आणि तिचा लेक ऐरणीवर घाव घालत होता. हैबती समोर उकिडवा बसला.

“जमनाबाई, मी हैबती.”

“ओळखलं.”

“माझं चुकलं. त्यानं काही केलं नव्हतं.”

“हे मला सांगतोस?” जमना म्हणाली. भात्यावरचा हात तिनं थांबवला नाही. “मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याला हाळात काही ओतताना कुणी पाहिलं होतं? एवढंच विचारायचं होतंस. तुझं सगळे ऐकत होते. तू विचारलं असतंस, तर सगळ्यांनी विचारलं असतं.”

हैबतीनं मान खाली घातली. “मला माफ कर,” तो म्हणाला.

“ऐकलं तुझं,” जमना म्हणाली. “आता जा.”

तिनं माफ केलं, असं कुणीही सांगत नाही.

ह्यानंतर बऱ्याच वर्षांनी गावातलं एक लहान पोर हरवलं. त्याच दिवशी नदीपलीकडं जडीबुटी विकणारे वैदू उतरले होते. सूर्य डोक्यावर यायच्या आत गावभर झालं की पोर वैदूंनी पळवलं. लोकांनी कुऱ्हाडी घेतल्या, काठ्या घेतल्या. जाता जाता ते हैबतीच्या दारात थांबले.

“हैबतीबाबा, एखादी ओळ म्हणा,” ते म्हणाले. “जोर येईल.”

हैबती उठला. त्यानं ओळ म्हटली नाही. आडवाटेनं जाऊन तो नदीच्या उतारावर, लोकांच्या पुढ्यात उभा राहिला. कुणीतरी मारलेला दगड त्याच्या तोंडावर बसला. तोंडातून रक्त आलं, आणि रक्तापाठोपाठ इतकी वर्षं अडकलेला गळा सुटला, असं म्हणतात. दोन्ही काठांवर ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं भलरी उचलली. पण ह्या वेळी त्यानं नुसतं एकेकाचं नाव घेतलं.

“गणोजी, पाहिलंस का ऐकलंस?”

भलरीला उत्तर द्यायचं असतं, ही सवय हाडात मुरलेली. गणोजी म्हणाला, “ऐकलं.”

“कुणाकडून?”

“राणूकडून.”

“राणू, पाहिलंस का ऐकलंस?”

“ऐकलं. बहिर्जीकडून.”

असं करत करत नावं पुढं गेली. शेवटच्यानं मान खाली घालून सांगितलं, “मी गणोजीकडूनच ऐकलं.” मग कुणी कुणाकडं पाहीना. काठ्या हळूहळू खाली आल्या. दिवस मावळायच्या आत पोर सापडलं. कडब्याच्या गंजीत झोपलं होतं ते.

लोकांनी परत येऊन हैबतीला खांद्यावर घ्यायला धरलं. त्यानं सगळ्यांचे हात झटकले आणि तो उतारावरच बसून रडला. “एवढे सोपे शब्द होते,” तो म्हणाला. “तेव्हा माझ्याजवळ नव्हते का रे?”

त्याच हिवाळ्यात तो गेला.

आजही कुसळगव्हाणात कुणी कुणावर आळ घेतला, तर ऐकणारा आधी म्हणतो, “हैबतीची आण. पाहिलंस का ऐकलंस?” ह्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. चावडीवर नाही, चुलीपाशीही नाही. ज्वारी तिथं अजून हातानंच उपटतात. आणि काढणी लागली की पहिली पेंढी निंबाखाली नेऊन ठेवतात. तिला हैबतीची पेंढी म्हणतात, पण ती असते घिसाड्यांसाठी.

गावाला आता कोयता लागला, फाळ लागला, की माणसं दुसऱ्या गावाहून घडवून आणतात. कारण घिसाड्यांच्या गाड्या त्या वाटेनं येतात, वेशीपाशी वळतात आणि पुढं निघून जातात. पेंढी निंबाखाली तशीच राहते. पाखरं तिचे दाणे टिपून नेतात. पुढच्या माघात गाव पुन्हा नवी पेंढी ठेवतं.