पानाला घाबरणारी भुरी

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या बाभूळबनात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहायचा. सगळे जमिनीवर पाला उलटून किडे टिपायचे आणि एकजण आळीपाळीनं फांदीवर बसून राखण करायचा.

त्या दिवशी पाळी तरुण भुरीची होती. मागच्या खेपेला उडतं पान शिकारी पक्षी समजून ती "शिक्रा, शिक्रा!" ओरडली होती. सगळे घाबरून झुडपात शिरले आणि बाहेर आल्यावर ठुमकी म्हणाली, "पानाला घाबरते बाई आमची भुरी!" केवढा हशा पिकला! ठुमकी साऱ्यांची लाडकी. तिच्याशेजारी झोपायला मिळावं म्हणून तरणी पाखरं भांडायची. भुरीला मात्र तेव्हापासून वाटे, आपण कुणालाच आवडत नाही.

आता समोरच्या लिंबाच्या पाल्यात तिला एक लाल डोळा दिसला. चोच उघडली, पण आवाज फुटेना. पुन्हा पानच निघालं तर? मग थंडीत कुणी जवळसुद्धा बसू देणार नाही. खाली ठुमकी मान घालून पाला उलटत होती.

डोळा हलला. पंख उघडले.

"शिक्रा! पळा गं, पळा!" भुरी किंचाळली.

थवा काटेरी झुडपात घुसला. शिक्र्याच्या नख्यांत ठुमकीच्या शेपटीचं एक पीस तेवढं राहिलं.

झुडपात ठुमकी भुरीला चिकटली. "मला तो मघाशीच दिसला होता गं."

"मग ओरडली का नाहीस?"

"पान निघालं असतं, तर तुम्ही सगळे मला हसला असता."