उंबराचे बेट आणि काळ्या सोंगट्या

"काळ्याने बरोबरी साधावी, जिंकायला जाऊ नये. का, ते विचारायचे नाही." एका तळ्याकाठच्या बाभळीवर राहणाऱ्या तरुण कावळीला हा नियम पंख फुटण्याआधीच पाठ झाला होता. तळ्याच्या मधोमध एक बेट होते, बेटावर डेरेदार उंबर, आणि उंबरावर बगळ्यांची वस्ती. दरवर्षी फळे पिकली की काठावरच्या खडकावर बगळे आणि कावळे बुद्धिबळाचा एक डाव खेळत. पांढऱ्या सोंगट्या नेहमी बगळ्यांच्या. कावळे जिंकले तरच उंबर त्यांचा. एरवी बाभळीचे काटे होतेच. संध्याकाळी वारा फिरला की पिकल्या उंबरांचा वास काठापर्यंत येई. बेट अंधारात दिसेनासे होईपर्यंत कावळी तिकडे पाहत बसे.

त्या वर्षी खेळायची पाळी तिची होती. बगळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारले. "त्याच्यासमोर आपले तेच प्यादे ठेव, पोरी," म्हातारा कावळा फांदीवरून म्हणाला. कावळीने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. माणसे याला सिसिलियन बचाव म्हणतात. म्हाताऱ्यांनी त्याला आगाऊपणा म्हटले.

बगळ्याने सारे बळ तिच्या राजावर लोटले. कावळी मात्र दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या ओळीत हत्ती आणून दबा धरून होती. अचानक तिने हत्ती देऊन बगळ्याच्या राजाची राखण करणारा घोडा मारला. "घालवला कार्टीने हत्ती," फांदीवर कुजबुज झाली. बगळ्याने प्याद्याने हत्ती घेतला, आणि मग आपला राजा उघडा पडल्याचे त्याच्या ध्यानात आले.

"बरोबरी करू या का?" तो गोड आवाजात म्हणाला.

"घे, घे," सगळे म्हातारे एकदम कलकलले, "मानाने घरी चल."

"घरी म्हणजे काट्यांवरच ना, आजोबा?" असे म्हणत कावळीने वजीर थेट पांढऱ्या राजापाशी नेला. बगळा या पायावरून त्या पायावर झाला. पट न्याहाळून त्याने चोचीने आपला राजा आडवा केला.

म्हातारा कावळा खाकरला. "जिंकलीस, ठीक आहे. पण उद्या पिल्लांना आपला नियमच शिकव हं."

कावळी उंबराकडे पाहत होती. "नाही शिकवणार," ती म्हणाली.

आणि ती बेटाकडे उडाली.

तात्पर्य : ज्याला मनापासून काही हवे आहे, त्याने, ज्यांनी ते कधी मागितलेच नाही, त्यांच्या नियमाने खेळू नये.