टिल्लूचा रेडिओ आणि तांब्याची वेणी

खिडकीत एक कुंडी होती. कुंडीत गवत होतं. गवतात एक नाकतोडा राहायचा. त्याचं नाव टिल्लू. अंगाने हिरवा. पाय लांब लांब. बाकी सगळा एवढुसा.

टिल्लूला एक बहीण होती. तिचं नाव बुंदी. ती तर टिल्लूहूनही एवढुशी.

टिल्लूकडे एक रेडिओ होता. काडेपेटीएवढा. रेडिओ गायचा, ला ला ला. बुंदी तोंड उघडायची. टिल्लू पान भरवायचा. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. रोज असंच.

एकदा वारा आला. सूं सूं सूं. रेडिओ खिडकीतून आत पडला. धप्प. आतली तार भोकातून निघाली. टप्प. रेडिओ गप्प.

बुंदीने तोंड मिटलं.

"गाणं नाही, तर पान नाही."

"एकच घास, बुंदे."

"अं हं."

दुपार झाली. बुंदी जेवली नाही. तिचं पोट खपाटीला गेलं. टिल्लूला राग आला.

"गाणं बुंदीचं आहे. ते बुंदीला मिळालंच पाहिजे," तो म्हणाला. आणि निघाला.

खिडकीच्या आत हौसामावशीचं दुकान होतं. बंद पडलेले पंखे, बंद पडलेले मिक्सर, सगळे तिथे बरे व्हायचे. मधे एक मोठं टेबल. टेबलावर रेडिओ पडला होता. शेजारी तार.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू तारेकडे गेला.

"तार गं तार, भोकात शीर. रेडिओ गाईना, बुंदी जेवेना."

तार बारीक. तिचा आवाजही बारीक.

"मी नाही शिरत जा. भोकात कथील बसलंय. जुनं आहे, घट्ट आहे. कथील वितळलं, तर मी शिरते. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू कथलाकडे गेला.

"कथला रे कथला, वितळ ना.
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

कथील गोल. कथील चकचकीत. भोकात आरामात बसलेलं.

"मी नाही वितळत जा. मला इथे बरं वाटतं. गन तापली, तर मी वितळतो. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू गनकडे गेला. गन म्हणजे कथील वितळवायचं अवजार. लांब दांडी आणि टोकदार नाक. नाक तापतं, चटका देतं. तिला फक्त हौसामावशी धरते. आपण लांबूनच बघायचं.

"गन गं गन, ताप ना.
कथील वितळेना,
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

गनने नाक वर केलं.

"मी नाही तापत जा. मी तापेन, कथील वितळेल. पण वितळलेलं कथील पिणार कोण? ते परत भोकातच बसेल. आणि बोलणी मला. वेणी प्यायला आली, तर मी तापते. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू वेणीकडे गेला. वेणी तांब्याची. बारीक बारीक तारांची, रिबिनीसारखी चपटी. वितळलेलं कथील ती पिते. गट् गट् गट्. तेच तिचं काम.

"वेणी गं वेणी, कथील पी ना.
गन तापेना,
कथील वितळेना,
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

वेणी टेबलावर पडली होती. उघडी. काळी. रुसलेली.

"मी नाही पीत जा. माझ्याकडे बघ जरा. मी कशी होते? लखलख होते. मावशीने भजी खाल्ली. तेलकट बोटांनी मला धरलं. मग इथेच टाकलं, उघड्यावर. दमट हवा लागली. मी काळी पडले. आता घशाखाली काही उतरत नाही. राळ लागली, तर मी पिते. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही," टिल्लू म्हणाला. मग जरा थांबला. "तुझं मात्र खरं आहे. उघड्यावर टाकायला नको होतं."

"कुणीतरी म्हणालं बाई," वेणी पुटपुटली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू राळेकडे गेला. राळ मधासारखी. पिवळी, चिकट. पण ती होती डबीत. आणि डबीवर बसला होता बोका.

टिल्लूने डबीला तोंड लावलं.

"राळ गं राळ, वेणीला लाग ना.
वेणी पिईना,
गन तापेना,
कथील वितळेना,
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

डबीतून आवाज आला.

"मी नाही लागत जा. माझ्या डोक्यावर बोका आहे. केवढा जड आहे, काय सांगू. बोका हलला, तर मी लागते. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही."

टुणुक. एकाच उडीत टिल्लू बोक्यासमोर.

"बोक्या रे बोक्या, हल ना.
राळ लागेना,
वेणी पिईना,
गन तापेना,
कथील वितळेना,
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

बोक्याने एक डोळा उघडला. दुसरा उघडलाच नाही.

"मी नाही हलत जा. मावशी बसली की मी बसतो. मावशी उठली की मी उठतो. आमची पद्धत आहे तशी."

"कुणी ठरवली पद्धत?"

"मीच. मावशी उठली, तर मी हलतो. लहान आहेस. जा घरी."

"लहान आहे. पण जाणार नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू हौसामावशीकडे गेला. मावशी स्टुलावर बसली होती. हनुवटी हातावर. तोंड एवढंसं.

"मावशी गं मावशी, ऊठ ना.
बोका हलेना,
राळ लागेना,
वेणी पिईना,
गन तापेना,
कथील वितळेना,
तार शिरेना,
रेडिओ गाईना,
बुंदी जेवेना."

मावशीने उसासा टाकला. हुश्श.

"मी नाही उठत जा. रोज खिडकीतून तुझं गाणं यायचं. मग माझे हात चालायचे. आज गाणं नाही, तर हातच चालत नाहीत. रेडिओ गायला, तर मी उठते. लहान आहेस रे बाळा. जा घरी."

टिल्लू गेला नाही. तो मावशीच्या गुडघ्यावर चढला.

"मावशी, बोटं मोज."

"कशाला?"

"मोज तर खरं. रेडिओ का गाईना?"

मावशीने एक बोट दुमडलं. "तार शिरेना."

"तार का शिरेना?"

"कथील वितळेना."

"कथील का वितळेना?"

"गन तापेना."

"गन का तापेना?"

"वेणी पिईना."

"वेणी का पिईना?"

"राळ लागेना."

"राळ का लागेना?"

"बोका हलेना."

"बोका का हलेना?"

मावशी हळूच म्हणाली, "मावशी उठेना."

"आणि मावशी का उठेना?"

"रेडिओ गाईना." मावशीने आपल्या बोटांकडे पाहिलं. "अगं बाई. आपण तर गोल गोल फिरलो."

"फिरलो," टिल्लू म्हणाला. "सगळे आरामात बसलेत. सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात. आणि उपाशी कोण?"

मावशीने मान खाली घातली. "बुंदी."

"मग ऊठ."

"पण मला गाण्याशिवाय उठवतच नाही रे."

"गाणं पाहिजे ना? घे."

टिल्लूने मागचा पाय उचलला. पंखावर घासला. खर्र खर्र खर्र. ताटावर खिळा घासावा तसं. खर्र खर्र खर्र. बोक्याने कान पाडले. तार थरथरली. मावशीने दोन्ही कान झाकले.

"थांब रे, थांब."

खर्र खर्र खर्र.

"अरे उठते. उठते मी. ही बघ, उठले."

मावशी उठली.
मावशी उठली, तसा बोका हलला.
बोका हलला, तशी डबी उघडली. टक्.

मावशीने वेणीकडे हात नेला.

"आधी हात," वेणी म्हणाली.

"हो गं बाई." मावशीने साबणाने हात धुतले. पुसून कोरडे केले. मग कात्री घेतली. कच्च. काळं टोक कापलं. खालून निघालं लखलख तांबं.

राळ वेणीला लागली.
राळ लागली, तशी वेणी म्हणाली, "आता पिते."
वेणी पिते म्हणाली, तशी गन तापली. चुर्र.
गन तापली, तसं कथील वितळलं.
कथील वितळलं, तशी वेणी प्यायली. गट् गट् गट्.

भोक मोकळं झालं. आरपार.

भोक मोकळं झालं, तशी तार शिरली. मावशीने वर कथलाचा नवा थेंब लावला. एवढुसा. तार पक्की बसली.
तार शिरली, तसा रेडिओ गायला.

ला ला ला.

मावशीचे हात चालायला लागले. तिने रेडिओ उचलून खिडकीत ठेवला. कुंडीतून बुंदी म्हणाली, "दादा, पान."

"आलो," टिल्लू म्हणाला. "एक काम राहिलंय."

वेणी टेबलावरच पडली होती. तशीच. उघडी.

"मावशी, वेणी कोण ठेवणार?"

"राहू दे रे. उद्या आवरते."

"उद्या ती काळी पडेल. काळी पडली की पिणार नाही. मग गन बसणार, तार बसणार, तू बसणार. आणि बुंदी परत उपाशी. मला नाही चालायचं."

"एवढा राग?"

"एवढा."

टिल्लूने मागचा पाय उचलला.

"नको नको. गाऊ नकोस. ठेवते."

मावशीने वेणीचं कथील प्यायलेलं टोक कापलं. कच्च. ते पुन्हा पिणार नव्हतं. त्याचं पोट भरलं होतं. मग तिने चिमटा घेतला. वेणीला बोट लावलं नाही. चिमट्याने धरली, रिळावर गुंडाळली. गर गर गर. रीळ पिशवीत घातलं. पिशवीतली हवा काढली. फुस्स. पिशवीचं तोंड बंद केलं. पिशवी दुसऱ्या, कोरड्या डबीत ठेवली.

"बरं वाटतंय का गं?" टिल्लूने विचारलं.

"ऊब आहे," आतून वेणी म्हणाली. "दमट नाही. तेलकट नाही. झाकण लाव आता."

मावशीने झाकण लावलं. घट्ट. बोका डबीवर बसायला निघाला.

"तू नाही," टिल्लू म्हणाला.

बोका खाली बसला. मुकाट्याने.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिल्लू कुंडीत आला. रेडिओ गात होता, ला ला ला. टिल्लूने हिरवं पान आणलं. बुंदीने तोंड उघडलं. मोठ्ठं.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

"अजून," बुंदी म्हणाली.

टिल्लूने अजून एक आणलं.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

"अजून."

टिल्लूने अजून एक आणलं. बुंदीचं पोट टम्म झालं. ती पानावर आडवी झाली. ढेकर दिला, एवढुसा.

बुंदीचं पोट भरलं, गोष्टीचं झाकण लागलं. टक्.