घड्याळजीचा चिमटा आणि कौलावरची अंडी

एका गावात एक घड्याळजी राहत होता. हात मोठा कसबी, पण खोड एकच! काही बिघडलंय अशी नुसती शंका आली, की याचा चिमटा पुढे.

मुलगी सासरी जाताना तिने आपली सिक्लिड माशांची जोडी टाकीसकट त्याच्याकडे ठेवली. "बाबा, यांना पिल्लं झाली की आधी मला सांगा हं!" एवढंच तिचं मागणं. तेव्हापासून तो बिचारा टाकीकडे डोळे लावून बसलेला असे.

एके दिवशी मादीने टाकीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. बघतो तर काय, मादी एकेक अंडं तोंडाने उचलतेय! "अगं सगुणा, ही बया आपलीच पोरं खातेय!" असं बायकोला ओरडून सांगत त्याने मादीला जाळीने उचलून बादलीत टाकलं. चार दिवसांत सगळ्या अंड्यांना बुरशी आली. पुढच्या खेपेलाही त्याने हेच केलं आणि तसंच झालं.

जोडी आता म्हातारी होत चालली होती. रडकुंडीला येऊन तो मासे विकणाऱ्या अमीनाबींकडे गेला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"अरे शहाण्या," म्हातारी भडकलीच, "ती नासलेली अंडी वेचत होती, चांगल्यांना बुरशी लागू नये म्हणून. पंखांनी वारा घालून अंड्यांवरचं पाणी हलतं कोण ठेवतं? तीच ना? आणि तिलाच तू बादलीत बसवलंस! आता काचेला कापड लाव आणि हात आवर."

तिसऱ्यांदा अंडी आली. घड्याळजीने टाकीला सगुणाचं जुनं लुगडं गुंडाळलं. तीन दिवस कसेबसे काढले. चौथ्या दिवशी न राहवून कापड जरासं सरकवलं, तर कौल लख्ख! एकही अंडं दिसेना.

"खाल्ली गं, सगळी खाल्ली!" त्याचा हात जाळीकडे गेला.

"अहो, दोनदा जाळी घातलीत, काय हाती लागलं?" सगुणा म्हणाली.

घड्याळजीचा हात तिथेच थांबला. जीव नुसता तुटत होता, तरी त्याने कापड पुन्हा नीट लावलं आणि टाकीकडे पाठ करून बसला.

पाच दिवसांनी सगुणानेच कापड बाजूला केलं. कोपऱ्यातल्या वाळूत मादीने खड्डा केला होता. अंडी फुटल्यावर पिल्लं तिने तोंडात धरून तिथे नेली होती. आता मोहरीएवढी पन्नासेक पिल्लं आईबापाभोवती पोहत होती.

"हुश्श!" म्हणत घड्याळजी टाकीजवळ सरकला. डोळे पुसत त्याने मुलीला फोन लावला. "बाळे, आधी तुलाच सांगतोय."

हल्ली कुणी बंद घड्याळ आणलं, की तो ते आधी कानाला लावतो. चिमटा नंतर.

तात्पर्य काय, तर मायेने केलेली मदतसुद्धा आधी समजून करावी. कधी कधी हात आवरणं हीच खरी मदत असते.