खेकड्याची नक्षी

या किनाऱ्यावर माणसाचं पाऊल उमटण्याआधीची गोष्ट. एक खेकडा केवड्याखालच्या कोरड्या वाळूत, दर भरतीला पाणी कुठवर चढलं ते वाळूच्या गोळ्यांनी मांडून ठेवी. पाणी जितकं वर, तितकी ओळ लांब. पुढे त्याला साध्या ओळींचा कंटाळा आला. ओळींना वेलबुट्ट्या फुटल्या, शिंपले जडले आणि उधाणाची सर्वांत लांब ओळ त्यात हरवून गेली.

अंडी घालायला आलेली कासवीण, पाणी कुठवर चढतं ते पाहायला, त्या नक्षीपुढे बराच वेळ थांबली.

"कळलं ना, ताई?" खेकड्याने ऐटीत विचारलं.

"हो तर! फार सुंदर आहे," ती चाचरत म्हणाली आणि अंदाजानेच खाली, पाण्याच्या बाजूला खड्डा खणू लागली. खेकडा कौतुकात रमला होता, त्याने तिकडे पाहिलंही नाही.

उधाण आलं आणि सगळी अंडी वाहून गेली.

खेकडा तोंड लपवत होता, तेव्हा कासवीणच म्हणाली, "तुमची चूक नाही, दादा. मलाच मेलीला वाचता आलं नाही."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

आता तो नुसत्या ओळी मांडतो. कुणी 'सुंदर' म्हटलं की डोळे आत ओढून घेतो आणि हळूच म्हणतो, "ते राहू दे. तुम्ही खणणार कुठे, तेवढं दाखवा."