भरदुपारची समई

एकदा एका जुन्या बाजारपेठेत पितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी राहत होते. नाव नेमिनाथ, पण सारी पेठ त्यांना नेमण्णा म्हणे. वय एकाहत्तर. अहो, एक काळ असा होता की त्यांच्या दुकानातल्या हंड्या-घागरींवाचून पंचक्रोशीत लग्न उभं राहत नसे. मग स्टील आलं, स्टीलमागून प्लॅस्टिक आलं, आणि नेमण्णांच्या पायरीवर कुणी टेकलंच तर ते चपलेचा अंगठा तुटला म्हणून. दुकान तगवायला त्यांनी कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. याची टोपी त्याला घालता घालता सहा वर्षं निघून गेली.

घर जैनाचं. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. पण सावकारांच्या दारोदार हात जोडत फिरता फिरता दिवस बुडे, आणि म्हातारा माणूस आठवड्यातून चार दिवस उपाशी झोपे.

एका वकिलाने त्यांना सरळ सांगितलं होतं, "कोर्टात नादारीचा अर्ज करा. जे आहे ते खरंखरं मांडा. कोर्ट त्याची वाटणी करील आणि राहिलेल्या देण्यातून तुम्हाला मोकळं करील."

नेमण्णांनी कानांवर हात ठेवले. या वयात आपल्याच हातांनी आपली अब्रू वेशीवर टांगायची? त्यापेक्षा राहतं घर गहाण टाकलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. घर पत्नीचं, पद्माक्कांचं. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं. उद्या तिची सही घ्यायची होती, आणि तिला अजून पत्ता नव्हता.

सहीला साक्षीदार हवा म्हणून ते आपल्या शाळेतल्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी नव्वदी ओलांडली होती, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. त्यांनी गहाणखत शेवटपर्यंत वाचलं.

"येतो साक्षीला," ते म्हणाले. "पण आधी मला तुझ्या दुकानात घेऊन चल, नेमू. फार वर्षं झाली."

दुकानात आल्यावर गुरुजींनी नेमण्णांना गादीवरून उठवलं. मग ती गादीच उलटी घातली. फळीवरची एक समई पुसून पुढे ठेवली आणि तेलवात मागितली. बाहेर लख्ख ऊन, आणि हे भरदुपारी दिवा लावून खाली फरशीवर बसले.

म्हातारपणी चळ लागला की काय, असं नेमण्णांच्या मनात येतंय तोच त्यांची नजर समईवर अडकली. उलटी गादी, उन्हातली समई. त्यांनी हे पाहिलं होतं.

"गुरुजी, माझ्या वडिलांनी, अप्पांनी असाच दिवा लावला होता," ते हळूच म्हणाले. "मी सहा वर्षांचा असेन. काहीतरी मोठी पूजा होती. सगळी पेठ दुकानात आली होती. आणि त्या दिवशी अप्पा पहिल्यांदा ऊन असताना घरी आले. मला शेजारी घेऊन जेवले. माझ्या ताटातली पुरणपोळी मोडून त्यांनी मला भरवली. त्याहून गोड दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही."

"पूजा नव्हती रे ती," गुरुजी म्हणाले. "मी तेव्हा समोरच्या शाळेत नवा मास्तर. सगळं डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी तुझ्या अप्पांनी नादारी जाहीर केली. गादी उलटी आणि भरदुपारी दिवा, म्हणजे मालक उजेडात सांगतोय की माझ्याकडे एवढंच उरलं, घ्या. अप्पांनी हातातलं घड्याळसुद्धा काढून ठेवलं होतं. मग सावकार अशा मालकाच्या घरी पाऊल टाकत नसत, अशी पेठेची रीत. पुढे सगळे कोर्टात जाऊ लागले, रीत मागे पडली. त्यानंतर अप्पांनी सात वर्षं दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरला, ते तुला आठवत असेल, आणि मग ही गादी पुन्हा घातली. पण जेवायला ते तुला रोज भेटत होते ना?"

किती वर्षं नेमण्णांनी तो दिवस मनात जपला होता, आणि तो होता असा.

"आणि अब्रू?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी मागच्या भिंतीवरच्या अप्पांच्या तसबिरीकडे बोट केलं. "रोज सकाळी दुकान उघडलं की तू या माणसाच्या पाया पडतोस. गेली का त्याची अब्रू? अप्पांनी देणं लपवलं नाही. तू मात्र लपवतोयस, आणि तेही पद्माच्या घराआड. देणं खरं आहे, नेमू, पण तुझं आता उरलेलं वयही खरं आहे. ते कुणाकडे गहाण ठेवू नकोस."

नेमण्णांनी गहाणखताची घडी घातली आणि गुरुजींच्या हातात दिली. "साक्षीला या गुरुजी, पण वकिलाकडे," ते म्हणाले. समई त्यांनी विझवली नाही. शेजारचे दुकानदार डोकावून गेले, त्यांनाही त्यांनी आत या म्हटलं आणि विचारणाऱ्याला जे आहे ते सांगून टाकलं.

ते घरी आले तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. पद्माक्का दचकून उठल्या. "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," नेमण्णा म्हणाले. "वाढ. तुझंही वाढून घे. जेवता जेवता तुला सगळं सांगायचंय."

पद्माक्कांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, आणि मांडणीवरून दोन ताटं काढली.