क्षयांतक अर्क आणि कावळा

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत वाईला डॉक्टर फणसळकरांच्या ‘क्षयांतक अर्का’चा मोठा बोलबाला होता. वर्तमानपत्रात दर आठवड्याला जाहिरात यायची : ‘या अर्काने मी मरणाच्या दारातून परत आलो. – यशवंत रिसबूड.’

तो यशवंत क्षयानेच गेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण ऊन चढलं तरी कावळा शिवेना. “वहिनीला अंतर देणार नाही,” भाऊ म्हणाला. “पोरीचं लग्न मी लावीन.” कावळे झाडावरच.

समाचाराला आलेले डॉक्टर वैतागले. “पथ्य मोडल्याची टोचणी असेल त्याला. दर्भाचा कावळा शिववा आणि आटपा!”

यशवंताचे वडील बाबाजीपंत पुढे झाले. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कावळ्याची काय चूक? कालच्याच अंकात तुम्ही माझ्या मुलाला ठणठणीत बरा केलात. जित्या माणसाच्या पिंडाला तो शिवेल कसा? यशवंत मेलाय, हे आता तुम्हीच त्याला सांगा.”

सगळा घाट डॉक्टरांकडे बघू लागला. अखेर त्यांनी पिंडापुढे हात जोडले. “यशवंता, माझ्या अर्काने तुला गुण आला नाही. जाहिरात बंद करतो.”

कावळा खाली उतरला. बाबाजीपंत तेव्हा रडले. आता त्यांचा यशवंत कुठेच जिवंत नव्हता.